ताईचा नंदी

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळवतात. नागपूरच्या नंदनवनातल्या या गल्लीत दुपार कलली तशी लाकडी नंद्यांची चाकं खडखडू लागलीत.

7 वर्षांचा हा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा मात्र नंदी ओढत नाही. त्यानं तो उलटा केलाय आणि एकच चाक फिरवतोय. थांबलं की पुन्हा. शेजारी त्याची ताई, वय 11. ती घाई करत नाही. चाकाचा आवाज बदलला की तो आपणच उठतो, हे तिला ठाऊक आहे.

तिच्या हातातले पुठ्ठे बघा. चित्रं तिनंच काढलीत: नंदी, काकूंचं घर, बोजाऱ्याचं नाणं आणि शेवटी आपलं घर. पुढे काय होणार ते आधी डोळ्यांना दिसलं, की बऱ्याच स्वमग्न मुलांना बाहेरचा गोंधळ सोसणं सोपं जातं. मागच्या वर्षी शेवटचं चित्र नव्हतं. परत यायचंय हेच त्याला कळेना. तो रस्त्यातच आडवा पडला. भावाच्या थेरपीच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून ताईनं असे तक्ते पाहून ठेवले. किती संध्याकाळी गेल्या असतील त्या बाकावर!

काकू विचारतात, "बोजारा घेशील?"

तो म्हणतो, "बोजारा घेशील."

ऐकलेलं वाक्य तसंच परत करणं, ही त्याची बोलायची रीत.

"हो म्हणतोय, काकू," ताई सांगते.

समजूतदार पोरगी, असं सगळेच म्हणतात. पण त्यानं प्रयोगवही फाडली तेव्हा तिलाही राग आला होता, आणि मग राग आल्याचंच वाईट वाटलं. भाऊ असा का वागतो, हे तिला फार उशिरा सांगितलं गेलं. आपलंच काही चुकलं, असं ती धरून बसली होती. भावंडांना हे लवकर सांगायला हवं, त्यांना कळेल अशा शब्दांत.

स्वमग्न मूल 18 वर्षांचं झालं, की त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली भावंडंही अर्ज करू शकतात. ते पुढचं.

सहा वाजले. आई येऊन धाकट्याचा हात धरते. आता तासभर ताईचा. घरात तसं ठरलंय आणि आई ते मोडत नाही. ताई आतून स्वतःचा नंदी आणते. धाकट्याच्या नंदीहून लहान, एका शिंगाचा रंग उडालेला. फाटकाशी मैत्रिणी थांबल्यात.