डिचोलीची न झालेली लढाई आणि वर्गातला विकी

(गोव्यात, फोंड्याला माध्यमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

डिचोली तालुक्यातून आलेल्या शिक्षकांनी जरा हात वर करा. बरेच आहात की. तुमच्या तालुक्यात १६४० साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात मोठा संघर्ष पेटला आणि १६४१ मध्ये तह होऊन मिटला. कोणी ऐकलंय? ऐकणार कुठून, तो झालाच नव्हता. पण इंग्रजी विकिपीडियावर या लढाईचा लेख २००७ पासून २०१२ पर्यंत पाच वर्षं मजेत नांदत होता. चांगला साडेचार हजार शब्दांचा, खाली संदर्भग्रंथांची यादी लावलेला. तिथल्या संपादकांनी त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही देऊन टाकला होता. शेवटी एकाने त्या यादीतली पुस्तकं शोधायला घेतली आणि पुस्तकंच नाहीत असं निघालं. २०१२ च्या डिसेंबरात लेख उडाला.

आता बघा, १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. कसलं मराठा साम्राज्य घेऊन बसलात? डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. शिवजयंतीला भाषण करणारं आपल्याकडचं सातवीतलं पोरही १६३० हे साल घडाघडा सांगेल. आणि त्याच डिचोली तालुक्यात, नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळात शके १५९० चा शिलालेख आहे. म्हणजे १६६८. महाराजांनी जीर्णोद्धाराचं काम सुरू केलं त्याची तिथी दगडात कोरलेली आहे. खरा पुरावा तालुक्यात उभा आणि खोटी लढाई जगभर वाचली जाते आहे, असा तो प्रकार.

हा किस्सा ऐकला की मुख्याध्यापक खूश होतात. ‘बघा, आम्ही म्हणत होतोच, विकीवर कोणीही काहीही लिहितं.’ मला मात्र त्यातलं दुसरंच टोचतं. डिचोली माहीत असलेला एकही माणूस पाच वर्षांत त्या पानावर नीट थांबला नाही. संदर्भ आहेत एवढं सगळ्यांनी पाहिलं, ते उघडून कोणी बघितले नाहीत. २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिका ज्ञानकोश यांतल्या विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना केली होती. विकिपीडियात नोंदीमागे साधारण चार चुका, ब्रिटानिकात साधारण तीन. ब्रिटानिकाने त्यावर जोरदार हरकत घेतली, तो वाद राहू द्या. पण ज्या पानावर शेकडो जाणकारांची नजर फिरते त्याची गोष्ट वेगळी, आणि आपल्या कोपऱ्यातल्या गावाच्या पानाची वेगळी. तिथे नजर आपल्यालाच ठेवावी लागते.

म्हणून वर्गात विकी, म्हणजे मुलांनी मिळून लिहायची आणि एकमेकांची दुरुस्त करायची पानं, आणायचा असेल तर माझा एकच आग्रह आहे: मुलांना स्वतः चालत जाऊन, विचारून, बघून तपासता येईल असाच विषय घ्या. ‘सूर्यमाला’ नको. सूर्यमालेवर मुलं काय करणार? कुठून तरी उचलणार.

मी सुचवतो माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या वर काय काय टांगलं जातं त्याची पानं मुलांनी करायची, एका फळाचं एक पान. कांगलां, माट्टुत्यो, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचा घड. एका वर्गात सत्तरीचं मूल असतं, फोंड्याचं असतं, बदली होऊन आलेल्या बापाबरोबर पेडण्याहून आलेलं असतं. गाव बदललं की फळाचं नाव बदलतं, कुठे एखादी वस्तू वाढते, कुठे गळते. हे सगळं माहीत असलेलं एक माणूस शिक्षकांच्या खोलीतही सापडणार नाही. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने भर घालायची, याला इथे खरोखर अर्थ असतो.

असं एक पान जवळून बघू, कवंडळाचं. पहिल्या मुलीने लिहिलं, ‘कवंडळ हे एक फळ आहे. ते लाल असते.’ दुसऱ्याने जोडलं, ‘ते कडू असते म्हणून खात नाहीत, फक्त बांधतात.’ मग रात्री नऊला कोणीतरी गणेशोत्सवावरचे तीन लठ्ठ परिच्छेद आणून ओतले. ‘इतिहास पहा’, म्हणजे पानात कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडलं की हे लगेच दिसतं: एका मिनिटात पान पाच-सहा हजार बाइटनी फुगलेलं. (देवनागरीत एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा आकड्याला तीनने भागा आणि मग रागवा.) मी ते परिच्छेद स्वतः काढत नाही. वर्गात पडद्यावर इतिहास लावतो आणि विचारतो, यात कवंडळ कुठे आहे? पुढचं काम मुलं करतात.

प्रत्येक पानाला जोडून चर्चेसाठी वेगळी जागा असते. कवंडळाच्या चर्चेत एकाने लिहिलं, ‘माझी आजी सांगते की हे डोंगरावरच मिळतं.’ खाली दुसरीचा प्रश्न: ‘कुठल्या गावची आजी? आणि तू तिला कधी विचारलंस?’ मी वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवलं नसतं ते या दोन ओळींत आलं. विकिपीडियावर आजी संदर्भ म्हणून चालत नाही. तिथे छापील, प्रकाशित आधार लागतो, स्वतःचं मूळ संशोधन घालता येत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच आहे. शाळेचा विकी आपला आहे, तिथे आजीला जागा द्यावी. पण गाव, तारीख, विचारणाऱ्याची आद्याक्षरं आणि जमलं तर फोटो, एवढं हवंच. पूर्ण नावं घालू नका आणि विकी शाळेपुरता बंद ठेवा. मुलांची माहिती आपल्या ताब्यात असते, पालकांची संमती घेऊनच पुढे जा. वर्ड, पीपीटी यांत जे कधी दिसत नाही ते इथे दिसतं: कोणी काय आणलं, कोणी कोणाला अडवलं, कोणाचं वाक्य टिकलं. पानावरचा विश्वास तिथून येतो.

याहून अवघड विषय हवा असेल, नववी-दहावीचा वर्ग असेल आणि तुमची छाती असेल, तर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, संघप्रदेशाचं दोन पानं; या सभागृहातसुद्धा फुलाची घरं असतील आणि दोन पानांचीही. मी मराठीचा माणूस, माझ्या घरी कोणतं चिन्ह होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. मुलं घरून वाक्यं घेऊन येतात. एक लिहितो, ‘गोव्याने आपली अस्मिता वाचवली.’ दुसरी ते खोडून लिहिते, ‘मराठीवर अन्याय झाला.’ पहिला परत उलटवतो. एका तासात चारदा. त्या वेळी शिक्षकाने मध्ये पडून ‘दोघंही बरोबर’ म्हणू नये, तो निव्वळ आळस आहे. नियम एवढाच ठेवायचा: विशेषण असेल तर ते कोणाचं हे लिहायचं, आकडा असेल तर कुठून आणला ते लिहायचं. मग पानावर काय उरतं? संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. त्याखाली विलीनीकरणवाद्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडी, विरोधकांचं त्यांच्या तोंडी. दोन्ही मुलं थोडी नाराज असतात. माझ्या मते तेव्हाच पान तयार झालेलं असतं.

गुणांविषयी नेहमी विचारतात. संपादनांची संख्या मोजून गुण देऊ नका. मुलं हुशार असतात, स्वल्पविराम टाकतात आणि जतन करतात, पुन्हा टाकतात आणि जतन करतात. प्रत्येकाने स्वतःची दोन संपादनं निवडावीत, शिवाय स्वतःचं एक असं वाक्य जे दुसऱ्याने बदललं, आणि त्याबद्दल दोन मिनिटं तोंडी बोलावं. लाजरी मुलं पहिल्या नंबरच्या मुलीचं वाक्य हात लावायला धजत नाहीत, हा खरा अडथळा आहे. त्यासाठी मी धूळपाटीवर, म्हणजे विकीतल्या सरावाच्या पानावर, मुद्दाम एक थापेबाज परिच्छेद टाकतो, बहुतेक वेळा डिचोलीच्या लढाईसारखाच, खोट्या पुस्तकांसकट. पुस्तक खरोखर आहे का, हे पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या सूचीत बघायला लावतो. सरांचं वाक्य एकदा खोडलं की मैत्रिणीचं खोडायला हात कापत नाही.

मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, शाळेत नेट धड चालत नाही, मग काय? नेट लागतच नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी काढला तेव्हापासून ही वस्तू साधीच आहे. डोकुविकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर डेटाबेसशिवाय, साध्या मजकुराच्या फायलींवर चालतं. संगणक कक्षातल्या एका यंत्रावर टाका, बाकीची यंत्रं केबलने जोडलेली असतातच. ज्यांच्याकडे मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आहे त्यांना त्यातच विकी मिळतो. फक्त चतुर्थीची सुट्टी लागण्याआधी पानं उघडून, गट पाडून ठेवा. माटोळी विसर्जनापर्यंतच टांगलेली असते, त्या दिवसांत फोटो राहिला तर ते पान पुढच्या वर्षावर जातं.