नारळाचं झाड

(चाळीसगाव येथे कलाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, सुरुवात एका नारळाच्या झाडापासून करतो. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या सरावाला रावेरकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. स्मरणचित्राचा विषय कोणताही द्या, दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, झोपडी आणि बाजूला वाकलेला नारळ हे ठरलेलं. एकदा विचारलं, “अरे, नारळ तू पाहिलास कुठे?” तो म्हणाला, “सर, आमना गावमा नारयनं झाड शेच नही. पन मार्क भेटतस.”

गावाभोवती केळीच्या बागा आणि कागदावर कोकण! त्याला हसू नका. ते त्याला शिकवणारे आपणच.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा म्हणजे माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी राज्यभर चालणारा खास कलेचा असा एकच मोठा उपक्रम. त्यात विषय असतात वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षीची रचना, भूमिती आणि अक्षरलेखन. आखणी मुळात चांगली आहे. वस्तुचित्रात समोरचं नीट पाहायचं आणि स्मरणचित्रात पाहिलेलं आठवायचं. पण इंटरमिजिएटच्या ए, बी, सी ग्रेडवर दहावीला अनुक्रमे ७, ५, ३ असे वाढीव गुण मिळू लागले आणि पालकांची रांग लागली. रांग लागली याचा आनंदच आहे. फक्त त्या रांगेबरोबर गाइडंही आली, आणि स्मरणचित्र हे पाठांतरचित्र झालं. ‘बाजाराचे दृश्य’ म्हटलं की तीच छत्री, तीच पाठमोरी बाई.

त्या मुलाला मी आठवडाभर कागद दिला नाही. म्हटलं, बागेत जा, घड वाहणाऱ्यांकडे बघ. खांद्यावर घड आला की माणूस कुठे वाकतो? मोकळा हात काय करतो? वजन कोणत्या पायावर पडतं? पोरगं रोज येऊन तोंडी सांगायचं. चौथ्या दिवशी म्हणाला, “सर, मान उलट्या बाजूले जास.” मला एवढंच हवं होतं. मानवाकृतीचा अर्धा अभ्यास त्या वाक्यात झाला.

असं समोरचं बघून शिकणं आपल्या भागाला नवं नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेल्या इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिलची कबर भुसावळला आहे. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथले विद्यार्थी आणून १८७२ ते १८८५ या काळात ते काम पुन्हा केलं. त्या विद्यार्थ्यांचा खरा वर्ग लेण्यांतल्या अंधारातच भरला. आपल्या सहली अजिंठ्याला जातात, दोन तासांत परत येतात. वहीत काय येतं? डबा खाल्ल्याचं वर्णन.

आणि या गावात तर छायाचित्रकार केकी मूस राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला खरा निसर्गच वाटावा. स्थिरचित्राचा धडा याहून चांगला कुठे मिळणार? धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार सुतारकाम करणाऱ्याच्या घरात जन्मले. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांचा, हे मुलांना ठाऊक असतं. गोंदूर कुठे आहे ते विचारून बघा.

संकल्पचित्राचंही तेच. सातपुड्यातल्या होळीत नाचणाऱ्यांच्या अंगावरचे पांढरे ठिपके, डोक्यावरचा मोरपिसांचा टोप हे सगळं नंदुरबारच्या आश्रमशाळेतला मुलगा लहानपणापासून बघतो. कागदावर मात्र गाइडातलं कमळ गिरवतो.

शिक्षकांचा प्रश्न मी टाळत नाही. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. किती ठिकाणी भूगोलाचे सर हा तास घेतात, त्यासाठी हात वर करायला लावत नाही. तुम्हालाच अवघड होईल.

त्या मुलाचं विचाराल तर परीक्षेत त्याने घड वाहणारे तिघे काढले. मान बरोबर उलट्या बाजूला. ग्रेड मिळाली सी. नारळवाल्या दोघांना बी. मी चिडलो होतो, पण त्याची भूमितीही कच्ची होती, कंपास कायम घसरायचा, हे सांगायला हवं. ते चित्र परत मिळत नाही, म्हणून मी त्याच्याकडून पुन्हा काढून घेतलं. चहाच्या वेळी दाखवतो.