फैजपूर १९३६ : काँग्रेस गावात आली तेव्हा

(ड्रोन शॉट : केळीच्या बागा, मागे सातपुडा)

हे फैजपूर. जळगाव जिल्हा, यावल तालुका. वरच्या अंगाला सातपुडा, खालच्या अंगाला तापी, आणि मधे नजर जाईल तिथपर्यंत केळीच केळी. आता या चित्रातून ट्रॅक्टर काढा, विजेच्या तारा काढा, आणि त्या जागी बांबूचं एक अख्खं गाव उभं करा. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथं भरलं, आणि खेड्यात भरलेलं ते पहिलंच. पन्नास अधिवेशनं लागली खेड्यापर्यंत यायला, हे आधी नीट लक्षात घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल.

(मुंबई, गोवालिया टँक परिसर, सकाळची गर्दी)

सुरुवात इथली. २८ डिसेंबर १८८५, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा. खरंतर ठरलं होतं पुण्यात भरवायचं, पण पुण्यात कॉलरा आला आणि ऐनवेळी सगळं मुंबईला हलवलं. ७२ प्रतिनिधी. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, धावपळ सगळी निवृत्त इंग्रज अधिकारी अ‍ॅलन ह्यूम यांची, आणि समोर दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, न्यायमूर्ती तेलंग अशी मंडळी. वकील, संपादक, डॉक्टर. भाषणं इंग्रजीत, मागण्या अर्जाच्या भाषेत, आणि शेवटी राणीच्या नावाने जयजयकार. यांना नावं ठेवायची नाहीयेत, त्यांनी पहिला दरवाजा उघडला, पण त्या हॉलमध्ये शेतकरी नव्हता हेही तितकंच खरं.

(क्लोजअप : पिवळी पडलेली पावती, कडा झिजलेल्या)

आणि हा कागद बघा. सभासदत्वाची पावती, वर्गणी चार आणे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना झाली आणि हे चार आणे त्यातून आले. चार आणे भरले की तुम्ही काँग्रेसचे. शिवाय प्रांत कमिट्या भाषेप्रमाणे झाल्या, म्हणजे मराठी माणसाला पक्षाचं काम मराठीतून करता यायला लागलं, आणि खाली जिल्हा, तालुका, गाव अशी रांगच लागली कमिट्यांची. माझ्या मते पार्टी म्हणून काँग्रेस खरी उभी राहिली ती इथे, गांधीजींनी तिला नुसता आवाज नाही दिला तर हातपाय दिले. तरीपण अधिवेशन म्हटलं की शहरच. लखनौ, कराची, लाहोर, मुंबई.

(फैजपूर, शेताचा बांध, संध्याकाळचं ऊन)

मग गांधीजींनी आग्रह धरला की अधिवेशन खेड्यात भरवायचं, आणि मान मिळाला फैजपूरला. इथे नाव घ्यायला पाहिजे ते धनाजी नाना चौधरींचं, जवळच्या खिरोद्याचे. बाहेर हे नाव फार कोणाला माहीत नाही पण खान्देशात विचारा. शंकरराव देवांसारखे प्रांताचे पुढारी होतेच, पण जमीन, पाणी, गाड्या, बैल, माणसं हे सगळं उभं केलं इथल्या लोकांनी. साने गुरुजी गावोगाव फिरले, स्वयंसेवक गोळा केले. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या शब्दावर घर सोडून येणारी पोरं खान्देशात गावागावात होती.

(जुने फोटो एकेक करून : कमान, मंडप, बैल)

हे फोटो घाईत बघू नका. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले, गांधीजींनी बोलावलं म्हणून, आणि अट एकच, जे काय उभारायचं ते इथल्याच वस्तूंनी, इथल्याच कारागिरांकडून. एवढा मोठा चित्रकार, आणि समोर बांबू, गवत नि चटया. त्यातून त्यांनी कमानी उभ्या केल्या, मंडप उभा केला, आणि या सगळ्या वसाहतीचं नाव टिळकनगर. नीट बघितलं तर बांधणी दिसते, सुतळीचे वेढे आणि त्यावर गाठ. आपल्याकडे मांडव घालताना जी गाठ मारतात तीच. खिळ्याचं काम नाही. गावातला बुरूड ज्या हाताने टोपली विणतो त्याच हाताने देशाच्या सर्वात मोठ्या पार्टीचं प्रवेशद्वार विणलं, आणि मला विचाराल तर त्या अधिवेशनातला सगळ्यात मोठा ठराव हाच.

खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडलं. मुंबईहून ज्योत आणली, स्वयंसेवकांच्या हातून पुढे पुढे, पायी. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या रथातून आले, हॅरोत नि केंब्रिजात शिकलेला माणूस, आणि पुढे खान्देशी बैल, शिंगं रंगवलेली.

आणि मनमाडहून चालत आले ते शेतकरी. साधारण पाचशे जण, दोनशे मैलांच्या वर, वाटेतल्या गावांमध्ये सभा घेत घेत. किसान सभेचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचं, अधिवेशनही इथेच होतं, एन. जी. रंगा अध्यक्ष. त्यांच्या स्वागताला नेहरू होते, शंकरराव देव होते, जुने कम्युनिस्ट एम. एन. रॉय, समाजवादी आचार्य नरेंद्र देव, कम्युनिस्ट कॉम्रेड डांगे, समाजवादी युसुफ मेहेरअली. एवढ्या वेगवेगळ्या विचारांची माणसं एका रस्त्यावर उभी राहून पायाला फोड आलेल्या शेतकऱ्यांची वाट बघतायत. तेव्हाची काँग्रेस म्हणजे काय, तर हे.

(शेतसारा नोंदीची जुनी वही, पानं उलटताना)

इथे जो शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला तो ऐका. शेतसारा आणि खंड कमी करा, ज्याची जमीन पोटापुरतीही पिकत नाही त्याला सारा माफ करा, कर्जाचा बोजा हलका करा, वेठबिगार आणि सरंजामी वसुली बंद करा, शेतमजुराला जगण्याइतकी मजुरी द्या. १९३६ सालची यादी आहे ही, आणि आजही एखाद्या पारावर वाचून दाखवा, लोक उठून जाणार नाहीत.

दोन महिन्यांत निवडणुका झाल्या, काँग्रेस जिंकली, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, १९३९ ला कर्जनिवारणाचा कायदाही झाला. मग युद्ध, मंत्रिमंडळांचे राजीनामे, बेचाळीसचं आंदोलन, फाळणी, स्वातंत्र्य.

(भिंतीवरच्या फिकट झालेल्या निवडणूक चिन्हांचे शॉट)

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा, चिन्ह बैलजोडी. १९६९ ला पक्ष फुटला, बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, आणीबाणी आली, १९७७ ला सत्ता गेली, पुन्हा फूट, मग हात. १९८४ ला चारशेच्या वर, २०१४ ला ४४, २०२४ ला ९९.

(तापीचा पूल, पहाट, केळीने भरलेला ट्रॅक्टर)

मनमाडहून फैजपूरला यायचं तर तापी ओलांडावीच लागते. डिसेंबरात पहाटे इथे असं धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही, आधी आवाज येतो आणि मग माणसं दिसायला लागतात.