लिंबू, दगड आणि सिमेंटची गोणी

(दृश्य: इंदूर, रामबाग. अर्धवट पाडलेला वाडा. मजूर घमेल्यांतून राडारोडा बाहेर आणतायत.)

रामबागेतला हा वाडा आता जातोय. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा, विटांच्या सांध्यांत चुना. इथं आता चार मजले उभे राहतील, सिमेंटचे. मुकादमाला विचारून मी दोन गोष्टी पिशवीत टाकल्या: जोत्याच्या दगडाची कपची आणि जुन्या चुन्याचं एक ढेकूळ. त्याला वाटलं, आठवण म्हणून नेतोय. मला मात्र त्यांवर लिंबू पिळून बघायचं होतं, सिमेंटचा कार्बन येतो कुठून ते.

(दृश्य: मनावरकडे उतरणारा रस्ता. काळी जमीन मागे पडते, पांढरट कडे दिसू लागतात.)

तिसरा दगड आणायला धारच्या पुढे जावं लागलं. वर माळव्यात सगळा बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. खाली नर्मदेच्या अंगाला, बाग-मनावरच्या पट्ट्यात, चुनखडी. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा इथवर आत आला होता. त्यातल्या जिवांच्या कवचांचा हा दगड. लाव्हा नंतरचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मनावरजवळ सिमेंटचा कारखाना आहे तो उगाच नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. संगमरवरी ओटा, तीन वाट्या, अर्धं कापलेलं लिंबू.)

चुनखडी कानशीनं घासली, पूड वाटीत घेतली, वर लिंबू पिळलं. ऐका. बारीक फसफस. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. त्या कवचांत अडकलेला कार्बन इतकी वर्षं दगडात गप्प बसला होता. माझ्या वाटीत सुटला.

कारखान्यात हेच काम आच करते. 900 अंशांच्या आसपास चुनखडी फुटते. शुद्ध असेल तर 100 किलोंतून 56 किलो चुना हाती लागतो आणि 44 किलो वायू धुराड्यातून जातो. पुढे फिरत्या भट्टीत 1450 अंशांना चुना आणि मातीचे गोळे बनतात, ते क्लिंकर. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की सिमेंट.

हवा तापवणारा हा वायू थांबवायचा तर 'कोळसा बंद करा, प्रश्न मिटला' हे इथं चालत नाही. क्लिंकरच्या कार्बनपैकी साधारण 60 टक्के दगडातून येतो, इंधनातून 40. साध्या सिमेंटच्या 50 किलोंच्या एका गोणीमागे नुसत्या दगडातून 24 किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी हे 24 किलो जाणारच. जगात वर्षाला सुमारे 4 अब्ज टन सिमेंट बनतं, आणि माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधला 7-8 टक्के वाटा त्याचा. उत्पादनात चीनच्या खालोखाल आपणच.

(दृश्य: बांधकामावर रचलेल्या गोण्या. एका गोणीवरची 'पीपीसी' ही अक्षरं.)

मग क्लिंकरच कमी घालायचं. ते आपण करतोयच: पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याच्या गोणीत 35 टक्क्यांपर्यंत कोळशाच्या वीजकेंद्राची राख चालते. पण कोळशाची वीजकेंद्रंच कमी झाली तर राख आणायची कुठून?

इथं मला आवडलेली युक्ती येते. तिचं नाव एलसी-थ्री. क्लिंकर निम्मं, 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के चुनखडी, 5 टक्के जिप्सम. गंमत अशी, की ही 15 टक्के चुनखडी भाजायचीच नाही, कच्चीच दळायची. मातीतल्या ॲल्युमिनाशी ती पाण्यात संयोग पावते आणि नव्या स्फटिकांनी काँक्रीटची छिद्रं भरते. दगडातला कार्बन जागचा हलत नाही. माती भाजावी लागते, पण 700-850 अंशांनाच, आणि भाजताना ती सोडते पाणी. एकूण कार्बन 30 ते 40 टक्के कमी.

स्वित्झर्लंडच्या कॅरन स्क्रिव्हनर, क्युबाचे फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या दिल्ली, मद्रास, मुंबईच्या आयआयटी या कामात होत्या. झाशीला या सिमेंटचं एक घरही बांधलं गेलं. 2023 मध्ये भारतीय मानक आलं, आयएस 18189. पण शेतातली काळी माती घेऊन धावू नका. हवी ती केओलिनची, पांढरट माती. आपली काळी गहू-सोयाबीनलाच बरी.

(दृश्य: दुसरी वाटी. काळ्या कपचीच्या पुडीवर लिंबाचे थेंब.)

आता आपला काळा दगड. लिंबू पिळलं. काही नाही. आजीच्या पाट्या-वरवंट्यावर जन्मभर चिंच-कैरी वाटली गेली, कधी फसफसलं? बेसाल्टमध्ये कॅल्शियम आहे, कार्बन नाही. कॅलिफोर्नियातली ब्रिमस्टोन नावाची कंपनी नेमकी हीच वाट धरून आहे: अशा दगडातून कॅल्शियम काढायचं आणि त्याचं नेहमीचंच सिमेंट करायचं.

ऐकायला झकास. इंदूर तर बसलंय याच दगडावर. पण हिशेब करू. बेसाल्टमध्ये चुना जेमतेम 10 टक्के. टनभर क्लिंकरला लागतो 650 किलो. म्हणजे साडेसहा टन दगड फोडायचा, आणि उरलेली सिलिका, लोह, मॅग्नेशियम खपवायची कुठं तरी. खपली तर धंदा, नाही तर डोंगर. माझा भरवसा तूर्तास एलसी-थ्रीवर.

(दृश्य: तिसरी वाटी. वाड्यातल्या चुन्याचं ढेकूळ.)

हे ढेकूळ राहिलं. कळीचा चुना भिजवून, घाणीत वाळूबरोबर मळून कुणी तरी ते सांध्यात भरलं असेल. भट्टीत त्याचा कार्बन तेव्हाच उडून गेला होता, म्हणजे फसफसायला नको. लिंबू पिळलं.

फसफसलं. चुनखडीइतकंच.

इतकी वर्षं भिंतीत बसून त्यानं हवेतला कार्बन परत ओढून घेतला आणि चुना पुन्हा दगड झाला. सिमेंटही ओढतं, सावकाश. पण स्लॅबमध्ये लोखंड असतं, आणि कार्बन तिथवर पोचला की सळ्या गंजायला लागतात. चुन्याच्या भिंतीला ती काळजी नव्हती. तिला चार मजलेही पेलायचे नव्हते म्हणा.

एवढ्यात आई आली. "अरे, संगमरवर आहे तो! लिंबू सांडतोस कशाला?" लगेच फडकं मारलं. पण ओट्यावर थेंब पडले होते तिथं चकाकी गेली होती.