किल्ली किराणा दुकानात

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावात कापसाची एक जुनी वखार आहे. कवेलूचं छप्पर, मातीच्या जाड भिंती, आणि भरलेली बंडी सरळ आत शिरावी म्हणून ठेवलेलं रुंद दार. कापूस साठवणं बंद झालं तसे तिथं तुराट्यांचे भारे आणि मोडके डवरे येऊन पडले. आता तिथं चित्रं लागतात, मांडणशिल्पं उभी राहतात, आजच्या जगण्याबद्दल बोलणारी. शहरात याला आर्ट गॅलरी म्हणतात. गावात तिला आजही वखारच म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता रविवारी तिथं बसतो. पण आज सांगायचं आहे ते रोज ती वखार उघडणाऱ्या माणसांबद्दल.

त्यातल्या एक बचत गटाच्या ताई. स्वतःची शेती सांभाळून हे करतात. दुसरा एक तरुण, नागपुरात चित्रकला शिकून गावी परतलेला. आणि बांबूचं काम करणारे एक काका, ज्यांच्या हातचं सूप नि टोपली पंचक्रोशीतल्या घराघरात आहे. चित्रं टांगायची चौकट काकांनीच बांबूची केली. तिला खिळा एक नाही, सगळी बांधणी.

सुरुवातीला आमची मोठी चूक झाली. शहरातली दालनं पाहून आम्ही भिंती पांढऱ्याफेक केल्या, खाली गुळगुळीत फरशी टाकली. आग्रह माझाच होता. लोक यायचे, दाराशी चपला काढायचे आणि उंबऱ्यावरूनच मान लांब करून पाहायचे. एका आजीला ताई म्हणाल्या, "या ना जी आत." आजी म्हणाली, "नाही व माय, पाय मातीचे हायेत." ताईंनी ते फार मनाला लावून घेतलं. महिनाभरात फरशी निघाली, माती भरून चोपली गेली आणि गल्लीतल्या बायका सारवायला आल्या.

सारवण तुम्ही कधी जवळून पाहिलं आहे का? शेणमाती कालवून हात फिरला की बोटांचे अर्धगोल उमटतात, एकाला एक लागून, खवल्यांसारखे. कुणाचा वळसा लांब, कुणाचा आखूड, कुणाचा करंगळीपाशी जरा दाबलेला. ही बाजू कुणी सारवली हे बायका नुसतं पाहून सांगतात. त्या दिवशी भिंतीवर एकही चित्र नव्हतं, तरी सगळं गाव आत येऊन जमीन पाहून गेलं. त्या आजीही आल्या.

मग वेळ बदलली. दहा ते पाच ही वेळ कार्यालयाची. त्या वेळात आमचं गाव वावरात असतं. म्हणून वखार दिवे लागल्यावर उघडते, आणि बाजाराच्या दिवशी दुपारपासून. चित्रांची उंचीही बदलली. शहरात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर धरतात, उभ्या माणसाच्या नजरेला लागेल असा. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई उभी राहून चित्र पाहत नाही, ती बसते. त्या तरुणानं सगळी चित्रं हातभर खाली घेतली. मला विचाराल, तर कलाशिक्षणात मी कुणाकडून ऐकला नव्हता असा धडा मला त्यानं त्या संध्याकाळी दिला.

एक प्रदर्शन मात्र मी विसरू शकत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेलेली, फवारा वर धरायचा आणि तोच अंगावर घ्यायचा. त्या तरुणानं घरोघर जाऊन फवारणीचे जुने सदरे मागून आणले. धुतलेले नव्हे, तसेच. पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे फिके डाग, बाह्या औषधानं विटलेल्या. ते त्यानं बांबूवर रांगेनं टांगले, माणसाच्या उंचीला, मधून एकट्यानं जाता येईल एवढी वाट ठेवून. बाकी काही नाही, पाटीसुद्धा नाही.

एक गृहस्थ चिडले. "आमचे फाटके सदरे टांगून ठेवले, याले कला म्हनते काय?" ताईंनी वाद घातला नाही. त्यांना बसायला मोढा दिला आणि विचारलं, "यातला तुमचा कोणता, दादा?" ते उठले, रांगेत गेले, एका सदऱ्यापाशी थांबले. मग वारा कुठून येतो ते पाहून फवारताना तास, म्हणजे पिकाची ओळ, कशी धरायची, हे ते सांगू लागले. पोरं भोवती जमली. ते बराच वेळ बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला जुना पंप आणून त्या सदऱ्याखाली ठेवला, आणि जाताना कुणाशी काही बोलले नाहीत.

हे काम आपल्या भागाला परकं नाही. सेवाग्रामला बापूकुटीत गेलात तर मीराबेनने मातीच्या भिंतीवर मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा पाहा. आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात, कोंडागावला, नवजोत अल्ताफ या चित्रकर्तीनं तिथल्या शांतीबाई, राजकुमार आणि गेस्सुराम या कलावंतांबरोबर हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या. त्यांना नलपार म्हणतात. भरलेली गुंडी डोक्यावर घेताना बाईला फार वाकावं लागू नये, म्हणून भांडं टेकवायला तिथं उंच ओटा आहे. शिल्प आहे आणि पाणीही भरता येतं. आमच्या ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ओट्याच्या उंचीचा.

पैशाची ओढाताण कायम आहे. तिकीट नाही. विजेचं बिल आहे, दरवर्षी पावसाआधी छपराची शाकारणी आहे, आणि वाळवी तर कागद पाहूनच येते. मदतीचा आमचा अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला, चित्रांसाठी रकाना नाही म्हणून. याचं मला खरंच वाईट वाटतं. गावाला रस्ता लागतो तसं आपलं जगणं मांडून पाहायला एक जागाही लागते, हे पटवताना ताईंचे कामाचे दिवस बुडतात. तुरी निघाल्या की काही घरं पायलीभर तूर आणून ठेवतात, त्यावर बरंच भागतं.

सध्या वाकळींचं प्रदर्शन लागलं आहे, जुन्या लुगड्यांच्या, घराघरांतून मागून आणलेल्या. आमच्या भागातून जात असाल तर जरूर या. दार बंद दिसलं तरी परत फिरू नका. किल्ली समोरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते, कुणीही मागावी. दिव्याचा खटका आत शिरताच उजव्या हाताला आहे.

नमस्कार.