फोटो काढण्याआधी विचारलंत का? ग्लोबल सिटिझन व्हायचंय त्यांच्याशी थोडं बोलायचंय

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय. 'ताई, ग्लोबल सिटिझन व्हायला काय करावं लागतं? किती देश फिरायला हवेत?' एकाने तर त्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं तेही विचारलंय. रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आज सगळं बाजूला ठेवून बसलेय.

माझ्यापुरता अर्थ सांगते. आपण जिथे पाऊल ठेवतो तिथल्या माणसांचं आपण काहीतरी देणं लागतो, हे धरून वागतो तो ग्लोबल सिटिझन. मग तो व्हेनिसला गेलेला असो नाहीतर वर्सोव्याला. दादरहून लोकल पकडूनही ते जमतं.

आता नेहमीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला पाठ आहेत. पाण्याची बाटली घरून न्या. प्लॅस्टिक परत आणा. जमेल तिथे रेल्वेने जा. गावात कुणी घरी ठेवून घेत असेल तर तिथे राहा, तिथलंच जेवा, पैसे थेट त्या घरात द्या. देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये तिथल्या रीतीने वागा. झालं. यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, माझेही दोन आहेत.

मला आज फक्त एका गोष्टीवर बोलायचंय. विचारणं. फोटो काढण्याआधी, मदत करण्याआधी, कुणाच्या अंगणात शिरण्याआधी विचारणं. सगळे म्हणतात, 'हो हो, आम्ही विचारतो.' नाही हो, विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नवा कॅमेरा घेतला होता आणि पहाटे ससून डॉकला गेले होते. १८७५ पासूनचा हा धक्का. उजाडायच्या आत बोटी लागलेल्या, पाट्या उतरतायत, लिलावाची ओरड, पायाखाली बर्फाचं पाणी. एका कडेला बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यातल्या एकीचे हात इतके चपळ होते की मी बघतच राहिले. डोकं मोडायचं, साल ओढायची, मधला धागा काढायचा, कोळंबी घमेल्यात. बर्फाने बोटांची टोकं पांढरी पडलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, भुवया उंचावल्या आणि म्हटलं, 'काढू?' ती हसली. मी पाच-सहा फोटो काढले.

शेजारी एक वयस्कर मावशी होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, 'बाय, ती हसली कारण तू आधीच काढत होतीस. नाही म्हणायला वेळ कुठे दिलास तिला?'

मी तो कॅमेरा घेऊन तिथेच उभी राहिले. मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कॅमेरा डोळ्याला लावून विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो. समोरच्याकडे दोनच वाटा उरतात, हसायचं किंवा तोंड फिरवायचं. हात कामात असलेल्या माणसाला तोंड फिरवणंही जड जातं. आणि या कामाचे पैसे वजनावर मिळतात. आपण 'इकडे बघा, जरा थांबा' म्हणतो तेव्हा तिची घमेल्यातली कोळंबी कमी होते, आणि ते नुकसान आपण भरून देत नाही.

तर पहिली गोष्ट, कॅमेरा पिशवीत. खरंच पिशवीत, गळ्यातसुद्धा नको. मग थांबा. हात मोकळे होईपर्यंत थांबा, चहाची वेळ असते तेव्हा बोला. आणि 'नाही' आलं तर 'का हो?' म्हणून मागे लागू नका. नाही म्हणजे नाही, कारण द्यायची जबाबदारी त्यांची नाही.

इथे कमेंट ठरलेली आहे, मागच्या व्हिडिओवर बऱ्याच जणांनी लिहिली होती: 'ताई, सार्वजनिक जागेत फोटो काढायला परवानगी लागत नाही.' बरोबर, कायद्याचं तुम्ही बघा. मी त्या बाईबद्दल बोलतेय.

हेच मी दुसऱ्या बाजूनेही पाहिलंय. माझं बालपण गिरगावात, चाळीत गेलं. उन्हाळ्यात आजी गॅलरीत पोह्याचे पापड वाळत घालायची. जुनं दंड घातलेलं लुगडं, गुडघ्याशी पोळपाट, आणि मी कावळे हाकलायला. एका दुपारी जुनी मुंबई बघायला आलेला एक घोळका जिना चढून वर आला. कुणी पाठवलं, कुणी सोडलं, देव जाणे. त्यातल्या एकाने हातभर अंतरावरून आजीचा फोटो काढला. आजीने लाटी तशीच ठेवली, पदर डोक्यावरून ओढला आणि आत गेली. तो गृहस्थ वाईट नव्हता. मोठ्याने आभार मानून गेला.

त्यानंतर आजीने पापड गॅलरीत घातले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत घालायला लागली, तिथे जेमतेम तासभर ऊन. त्या वर्षी पापडांना बुरशी आली. त्या माणसाच्या अल्बममध्ये कदाचित फार सुंदर फोटो असेल. आमच्या घरात काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही.

ही गोष्ट मुंबईपुरती नाही. जपानमध्ये क्योटोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांना लोक इतके कंटाळले, की २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. शिरलात तर दहा हजार येन दंड, अशा पाट्या लागल्या. त्या पाटीमागे माझ्या आजीसारखीच कुणीतरी बाई असणार, असं मला कायम वाटतं.

'पण आम्ही पैसे भरून जातो ना!' हीसुद्धा कमेंट असते. व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या दिवसांत एका दिवसापुरतं येणाऱ्यांना पाच युरो शुल्क लावलं. भूतान तर प्रत्येक रात्रीचं शुल्क घेतं, आपल्याला १२०० रुपये पडतात. जरूर भरा, शहर आणि निसर्ग सांभाळायला पैसा लागतो. पण त्या तिकिटात कुणाचं अंगण येत नाही, कुणाचा चेहराही नाही.

आता तिसरी बाजू, आणि ही मला सगळ्यात जास्त बोचते. मदत. कॉलेजात असताना आम्ही आठ-दहा जणांनी सोसायट्यांमधून जुने कपडे गोळा केले आणि जव्हारजवळच्या एका पाड्यावर अकरा गोणी नेल्या. फार आनंदाने नेल्या. तिथल्या शाळेत जागा एकच, पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात ती खोली. गुरुजींनी तांदळाची पोती एका कोपऱ्यात सारली आणि आमच्या गोणी आत घेतल्या. महिन्याभराने मी परत गेले, तर बऱ्याचशा गोणी तशाच होत्या. त्यात टिकल्यांचे ब्लाउज, सूटचे कोट, लहान मुलांचे फॅन्सी ड्रेस. कोण घालणार ते शेतात?

मी गुरुजींना विचारलं, 'मग तुम्हाला हवंय काय?' ते म्हणाले, 'हे तुम्ही गोणी भरायच्या आधी विचारायचं होतं.' रागाने नाही, अगदी सरळ म्हणाले. त्यांना हवं होतं जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरायला कुणीतरी. शिष्यवृत्तीसाठी दाखला लागतो, अर्ज ऑनलाइन, आणि नावाच्या स्पेलिंगची एक चूक झाली की परत तहसीलच्या फेऱ्या. एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. दोन रविवार मी आणि माझी मैत्रीण लॅपटॉप घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो. अकरा गोणींनी झालं नाही ते त्या दोन रविवारी झालं.

म्हणून पाड्यावर चॉकलेटं, पेन्सिली वाटत फिरू नका, असं मी कळकळीने सांगते. आधी शाळेत जा, ग्रामपंचायतीत जा, आशाताईंना भेटा. विचारा. त्यांनी सांगितलेलं काम कंटाळवाणं असेल, त्याचा फोटोही चांगला येणार नाही. तेच करा.

आणि परत परत जा. वर्सोव्याचा किनारा बघा. मुंबईतले वकील अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कचरा उचलायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले. २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. वर्षातून एकदा हातमोजे घालून सेल्फी काढला असता तर हे झालं नसतं.

मध्येच आठवलं म्हणून सांगते. एका मुलीने विचारलंय, 'ताई, काजव्यांना कसं विचारायचं?' फार छान प्रश्न आहे. भंडारदरा, पुरुषवाडी इकडे पावसाच्या तोंडावर आपण मुंबईकर झुंडीने जातो. काजव्यांचा तो प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. नर उडता उडता चमकतो, मादी खाली गवतात बसून उत्तर देते. आपण गाडीचे दिवे आणि मोबाइलचा टॉर्च लावला की ते उत्तर हरवतं, आणि गवतात शिरलो की मादी पायाखाली येते. तर काजव्यांच्या वतीने गावातल्या वाटाड्याला विचारा, कुठपर्यंत जायचं, कुठे उभं राहायचं. तो म्हणेल 'टॉर्च बंद', की बंद.

घारापुरीबद्दलही बरेच जण विचारतात. लेणी बघा, त्रिमूर्तीसमोर शांतपणे उभे राहा. पण ती लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत आली आणि बेटावरच्या गावांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली २०१८ मध्ये. एकतीस वर्षं जगभरचे लोक येऊन गेले आणि रात्री जनरेटर बंद झाला की गाव अंधारात. पुढच्या वेळी लेण्यांवरून थेट बोट पकडू नका. खाली गावात जा, कुणाच्या तरी घरी जेवण मिळेल का विचारा, आणि वीज नव्हती तेव्हाच्या गोष्टी ऐका. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात.

ससून डॉकचं राहिलंच. ते फोटो मी डिलीट केले. नंतर तीन वेळा गेले, कॅमेऱ्याशिवाय. चौथ्या वेळीही तशीच गेले, तेव्हा ती कोळंबी सोलणारी बाई स्वतःच म्हणाली, 'आणला नाहीस आज?' पुढच्या खेपेला नेला, चहाच्या वेळेला. तिने आधी हात धुतले, केस सारखे केले, नथ नीट केली आणि घमेल्यापासून लांब, बोटीकडे पाठ करून उभी राहिली. कोळंबी नको म्हणाली फोटोत. मी प्रिंट काढून नेऊन दिली. (फोन दाखवत) हा फोटो मी तुम्हाला दाखवणार नाहीये, नुसती मागची बोट दाखवते. तिला विचारलं होतं. चॅनलवर नको म्हणाली.