लाकडाची वीज खरंच कोळशापेक्षा स्वच्छ आहे का?

हा हातावरचा तुकडा नीट बघा, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा, वरून चकचकीत. हा वूड पेलेट. लाकडाचा भुसा वाळवायचा आणि प्रचंड दाबाने साच्यातून ढकलायचा, त्या दाबाच्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्ट धरणारं नैसर्गिक द्रव्य, मऊ होतं आणि तेच भुसा धरून ठेवतं. आता ह्यावर थोडं पाणी टाकूया... फुगला, सुटला, परत भुसा झाला. म्हणूनच कोळशासारखा उघड्यावर ढीग मारून चालत नाही, बंद कोठार लागतं, आणि बंद जागेत पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, बारीक धूळ पेट घेते, त्यामुळे तिथे काम करणाऱ्यांच्या जिवाची काळजी आधी घ्यावी लागते.

आता इंग्लंडमध्ये जाऊ, यॉर्कशायरमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र. कोळशावर चालणाऱ्या ६ वीजसंचांपैकी ४ संच २०१३ ते २०१८ दरम्यान पेलेटवर नेले आणि २०२१ पासून कोळशावर वीज विकणं थांबवलं. पेलेट मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या राज्यांतून आणि कॅनडातून जहाजाने येतात. आत काम तेच, इंधन दळून बॉयलरमध्ये फुंकायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं.

मग चिमणीतून काय निघतं? एक युनिट विजेमागे कोळसा साधारण ९०० ते १००० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, चांगलं गॅस केंद्र ३७० च्या आसपास, आणि लाकूड बहुतेक वेळा कोळशाहूनही जास्त. होय, लाकूड जास्त! कारण तेवढीच उष्णता मिळवायला लाकडातला जास्त कार्बन जळतो, आणि लाकूड ओलं असेल तर बरीच उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं.

तरी कागदावर वीजकेंद्राच्या नावावर शून्य कसं येतं, तर आंतरराष्ट्रीय हिशोबाचा नियमच असा आहे की झाड तोडलं तिथे, त्या देशाच्या जंगल-जमिनीच्या खात्यात कार्बन धरायचा, जाळतो त्या देशाच्या ऊर्जेच्या खात्यात नाही, नाहीतर एकच कार्बन दोनदा मोजला जाईल. नियमाचा हेतू बरोबर आहे. पण मग जाळणारा म्हणतो आमचं उत्सर्जन शून्य, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हवेत काही गेलंच नाही, आणि माझ्या मते सगळी गफलत इथेच होते.

लाकडाची बाजूही खरी आहे, ती सोडून चालणार नाही. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता, तो बाहेर काढला की हवेत नवी भर पडते. झाडाने मात्र कार्बन हवेतूनच घेतला होता आणि त्याच जागी जंगल परत वाढलं तर तो पुन्हा ओढून घेतला जाईल. शिवाय लाकडात गंधक फार कमी, राखही कोळशाच्या मानाने थोडी. फक्त "परत वाढलं तर" ह्या शब्दांत कित्येक दशकं लपलेली आहेत, मोठं झाड बॉयलरमध्ये काही क्षणांत संपतं आणि त्याच्या जागी लावलेलं रोप तेवढं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, तोवर तो कार्बन हवेत राहून पृथ्वी तापवतोच, आणि तापमान आवरायचंय ते ह्याच दशकांत!

म्हणून लाकूड की कोळसा एवढंच विचारून भागत नाही, कुठलं लाकूड ते विचारा. सॉ मिलचा भुसा, साली, कापून उरलेले तुकडे, जे पडून राहिले असते तर काही वर्षांत कुजून तोच कार्बन हवेत गेला असता, ते जाळणं वेगळं, आणि जंगलातली उभी झाडं पेलेटसाठी तोडणं वेगळं. ते दुसरं मला मुळीच पटत नाही.

आणि जाळायचंच तर जवळ जाळा. नुसती वीज काढली तर लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. तेच सॉ मिलशेजारी छोटं केंद्र टाकलं, वीज काढून उरलेल्या उष्णतेवर लाकूड वाळवलं, आसपासच्या इमारती गरम केल्या, तर ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता कामाला येते, आणि त्यासाठी समुद्रापलीकडून जहाज भरून काही आणावं लागत नाही.